वाढत्या मापाचे क्लब

सदर बाजारात मटारचे हिरवे ढीग लागले की जबलपूरला हिवाळा आला असं समजावं. कॅलेंडर काय वाटेल ते म्हणो. त्या आठवड्यात घरोघरी कोणीतरी मांडीवर परात घेऊन मटार सोलायला बसतं. आमच्याकडे हे काम अविनाश करतो, म्हणजे माझा नवरा. मी व्हरांड्यात जाऊन गोल्फच्या बॅगेवरची जुनी चादर काढते. उन्हाळ्यात इथे खेळणं म्हणजे भट्टीत फेरफटका मारणं, आणि पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं. त्यामुळे आमचा खेळ मटारबरोबर येतो आणि मटारबरोबर जातो.

यंदा चादर काढली तर आतून एक पाल पळाली. ती गेली त्या दिशेने दोन शब्द बोलून झाल्यावर मी क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, पुसायला घेतले आणि मला तो हिवाळा आठवला, ज्यात एक साधा नाला ओलांडण्यासाठी मी शहाण्या बाईने करू नयेत इतके उद्योग केले.

गोल्फ मी हौस म्हणून सुरू केला नाही. मी दातांची डॉक्टर. सिविल लाइंसमध्ये माझा दवाखाना आहे. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर माझी पाठ कामातून गेली आणि फिजिओथेरपिस्टने चालायला सांगितलं. नुसतं चालायचा मला कंटाळा येतो. माझे सासरे, नाना, छावणीतल्या मैदानावर उभं आयुष्य गोल्फ खेळले. गुडघ्यांनी संप केल्यावर त्यांचा सेट व्हरांड्यात नुसता उभा होता. घरात वस्तू पडून असली तर ती वापरायची, नवी आणायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तेव्हा मी नानांच्या क्लबने खेळायला लागले. नाना चांगले उंचापुरे. मी बसच्या दांड्याला टाचा उंचावून लोंबकळणारी. त्यांचा क्लब माझ्या हातात आला की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई मैदानात दिवाळीची जळमटं काढते आहे.

गोल्फमध्ये हँडिकॅप नावाचा एक आकडा असतो. तुम्ही किती वाईट खेळता याची ती अधिकृत पावती. जितका खेळ वाईट तितका आकडा मोठा, आणि तितकी सूट जास्त. आमच्या क्लबात बाईमाणसाला मिळू शकेल तो सगळ्यात मोठा आकडा माझ्याकडे होता. अविनाश लग्नकार्यात सांगायचा, "आमच्या डॉक्टरीणबाईंचा हँडिकॅप क्लबात हायेस्ट आहे," आणि गोल्फ न कळणारे नातेवाईक माझं मनापासून अभिनंदन करायचे. मीही घ्यायची. फुकट मिळतं ते परत कशाला करायचं?

आता नाला. सातव्या होलला, जिथून मारायचं ती जागा आणि जिथे चेंडू जायला हवा ती जागा, यांच्या मधोमध एक नाला आहे. फार रुंद नाही. चांगली धडधाकट म्हैस चार ढांगांत पार करेल. खेळणारे तो बघतसुद्धा नाहीत. माझा चेंडू मात्र तोवर एकदाही त्याच्यावरून गेला नव्हता. आत जायचा. दर वेळी, न चुकता, माहेरी गेल्यासारखा. आमचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि चेंडू शोधणारा, लल्लनभैया, माझ्याच वयाचा आणि पोटाने माझ्याहून पुढारलेला गृहस्थ. मी चेंडू ठेवायला वाकले की तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि नाल्यात उतरून उभा राहायचा. मी मारायच्या आधी.

"भैया, कम से कम मारने तो दो," मी म्हणायची.

"आप आराम से मारिए मैडम," तो खालून ओरडायचा, "हम जगह पे हैं."

घरी आणखी एक प्रकरण चालू होतं. नानांचे दात.

नानांची कवळी फार जुनी होती. ज्यांनी ती केली ते त्यांचे मित्र होते, आणि ते आता नाहीत. कवळी चांगली केली होती, त्यांच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण दात गेल्यावर जबडा वर्षावर्षाला झिजत जातो आणि कवळी होती तेवढीच राहते. नानांच्या तोंडात ती आता केवळ त्यांच्या इच्छाशक्तीवर टिकून होती. बोलताना खाली उतरायची. 'श' म्हटला की शिटी वाजायची. आमच्या शेजारचा कुत्रा 'शनिवार' या शब्दाला कान टवकारायचा. आणि जेवताना तर तिचा काहीच उपयोग नव्हता. जेवायला बसले की नाना वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरायचे, आडोशाला कवळी काढून रुमालात गुंडाळायचे आणि खिशात टाकायचे. मग वर्तमानपत्र खाली. वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. पुन्हा वर्तमानपत्र वर. वर्षभरात त्यांच्या पँटी ढगळ झाल्या होत्या. पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्याने नवं भोक पाडलं होतं आणि कोणाला दिसू नये म्हणून स्वेटर वरून ओढला होता. मला दिसलं. माणसं काय लपवतात ते बघणं हेच माझं काम आहे.

गंमत म्हणजे हा माणूस सरकारी कारखान्यात आयुष्यभर मापं तपासत होता. केसाच्या जाडीचा फरक असला तरी अख्खा माल परत पाठवणारा म्हणून त्यांची दहशत होती. आणि स्वतःच्या तोंडात मापाला न बसणारी वस्तू.

माझ्या खुर्चीत बसायला ते तयार नव्हते. कारण ते कधी सांगत नसत, पण मला माहीत होतं. सुनेने सासऱ्याच्या तोंडात हात घालायचा? सुनेसमोर दात काढून, गाल आत गेलेले दाखवत बसायचं? हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं. तेही नाही, कारण घरात डॉक्टर असताना बाहेर गेलो तर गाव काय म्हणेल? म्हणजे इकडे लाज आणि तिकडे अब्रू, आणि मधे एक माणूस खिचडी खात वाळत चाललेला.

एका संध्याकाळी मी पेरू आणले. मोठे, पिवळसर, वासाने घर भरेल असे. नानांना पेरू म्हणजे जीव की प्राण होता. फोडी करून, मीठ-तिखट लावून मी बशी त्यांच्यासमोर ठेवली. अविनाश तिथेच मटार सोलत बसला होता.

नानांनी बशीकडे बघितलं आणि सरकवली. "नको. थंडीत पेरूनं खोकला होते."

"मागच्या महिन्यात भुट्ट्यानं पोट दुखत होतं. उसाचं काय ठरलं, सांधे?"

"तू काहून मागे लागून राहिली, सुनंदा?"

"नाना, तुमचा जबडा लहान झालाय आणि कवळी मोठी आहे. दुसऱ्याच्या मापाची वस्तू वापरल्यासारखं आहे ते. कसं चालणार?"

नानांनी चष्मा काढला. कारखान्यात माल परत करायच्या आधी ते असंच करत असावेत. "मापाचं तू मला सांगून राहिली? माझ्या क्लबांनी तू खेळते ना? ते तरी कुठे तुझ्या मापाचे आहेत? सवय केली, झालं."

"कुठे झालं? नाला पार होत नाही."

"तो क्लबांचा दोष नाही."

"मग कोणाचा आहे?"

नानांनी चष्मा पुसला. सुनेला तोंडावर काय बोलावं याचे त्यांचे नियम कडक आहेत. मग म्हणाले, "नाल्याचा तर नक्की नाही."

अविनाश मटारच्या परातीत तोंड खुपसून हसला. मला राग आला, आणि राग आला की मी व्यवहाराचं बोलते. "ठीक आहे. मी माझ्या मापाचे क्लब करून घेते. नाला पार केला तर तुम्ही माझ्या खुर्चीत बसायचं."

"होळीच्या आधी," नाना म्हणाले.

"होळीच्या आधी."

"आणि नाही झाला तर माझ्या दातांचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. पेरूही आणायचे नाही."

"चलो, तय रहा," अविनाश म्हणाला. त्याला कधीच कोणी विचारलेलं नसतं.

बोलून गेले खरी, पण रात्री पाठीला शेक घेताना लक्षात आलं की हे नुसतं गंमतीचं राहिलं नव्हतं. नाना शब्दाचे पक्के. मी हरले तर ते खरोखर खिचडी खात राहणार आणि मी तोंड शिवून बघत बसणार.

मापाचे क्लब करून देणारा राघव नावाचा माणूस तेव्हा नागपूरहून आमच्या मैदानावर आला होता. पस्तिशीचा, पॉलिश केलेला, कॉलर उभी, आणि प्रत्येक वाक्यात 'डेटा'. त्याने जाळी बांधली, लॅपटॉप उघडला, जमिनीवर एक काळा डबा ठेवला. तो डबा म्हणे चेंडूचा वेग, उंची, फिरकी सगळं सांगतो. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं, तळहात मोजायचा, मग तुम्ही मारत राहायचं आणि त्यावरून दांडा किती लांब, किती लवचिक, पातं किती कललेलं ते ठरणार. सगळं मला पटलं. मीसुद्धा तोंडाचं माप घेतल्याशिवाय काही करत नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी काय केलं ते आता सांगायला हवं. रोज पहाटे गच्चीवर सराव केला. मोबाईलवर धडे बघितले. नवे बूट घेतले. नाना विरुद्ध पक्षात असूनही त्यांना राहवेना. गच्चीच्या दारात खुर्ची टाकून ते सूचना द्यायचे. "ताठ उभी राह. खांदा वळव. पूर्ण वळव. घरी मुलगी बघायला लोक आले तर कशी बसशील, तशी उभी राह."

आणि मी तशीच उभी राहिले. राघवसमोर, मागे अर्धा क्लब चहाचे कप घेऊन बघत असताना, मी ताठ, डौलदार, पूर्ण वळून, दणकून मारत होते. असं मी त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. डब्यावरचे आकडे बघून राघव चकित.

"मैम, आप तो अपने हँडिकॅप से बहुत अच्छा खेलती हैं! आपको लेडीज़ शाफ्ट की ज़रूरत ही नहीं. थोड़ा स्टिफ देते हैं."

स्टिफ म्हणजे कडक दांडा, दणकून मारणाऱ्यांचा. मी नम्रपणे मान झुकवली.

"लंबाई?" त्याने विचारलं. "दो के बीच में आ रही हैं आप."

तेव्हा मागून नानांचा आवाज आला. "मोठं करा. थोडं वाढत्या मापाचं असू द्या."

राघवला मराठी कळत होती, पण हे कळलं नाही. कसं कळणार? आमच्या घरांत माप म्हणजे वाढतं माप. शाळेचा गणवेश गुडघ्याखाली यायचा तो दोन वर्षांनी बरोबर व्हायचा, तोवर फाटायचा. बुटात कापूस घालून पहिली पावलं टाकलेली आम्ही माणसं. आहे तेवढंच माप द्यायचं म्हणजे पोरगं वाढणार नाही असं मान्य केल्यासारखं. तेव्हा बावन्नाव्या वर्षी, ज्या वयात माणसाची उंची कमी व्हायला लागते, मीही म्हटलं, "हां, बड़ा वाला ही दीजिए."

क्लब आले तेव्हा थंडी ऐन भरात होती. सकाळी मैदानावर धुकं इतकं असायचं की लल्लनभैया नाल्यात उभा आहे हे फक्त त्याच्या खोकल्यावरून कळायचं. नवे क्लब दिसायला देखणे. आणि चालायला? चेंडू पूर्वी नाल्यात तरी जायचा, आता तिथवर पोचेना. क्लबची टाच जमिनीत रुतायची, गवताचं ढेकूळ उडायचं आणि चेंडू डावीकडे झुडपात शिरायचा. दोन-चार दिवसांनी लल्लनभैया नाल्यातून वर आला, पँट खाली केली आणि गंभीरपणे म्हणाला, "मैडम, हम अब कहाँ खड़े रहें?"

दुपारच्या खिचडीच्या वेळी नानांचं वर्तमानपत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ वर राहिलं, आणि ते हलत होतं. नाना हसत होते.

चूक कुठे झाली ते मला माझ्याच दवाखान्यात कळलं. एक आजी नव्या कवळीच्या मापासाठी आल्या होत्या. त्यात एक पायरी अशी असते की मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून जबडा मिटायला सांगायचा. तो जसा मिटेल तसे पुढे दात बसतात. आणि इथेच माणसं फसवतात. मुद्दाम नव्हे, चांगुलपणाने. 'मिटा' म्हटलं की डॉक्टरला बरं वाटावं म्हणून खालचा जबडा पुढे काढून, नीट जुळवून, शहाण्या मुलासारखा मिटतात. तो त्यांचा जबडा नव्हेच. त्यावर कवळी केली तर आरशात छान दिसते आणि चिवडा खाता येत नाही. म्हणून मी माप घेताना गप्पा मारते. नातवंडांचं विचारते, सुनेचं विचारते, जीभ मागे वळवून टाळूला लावायला लावते, गिळायला लावते. लक्ष दुसरीकडे गेलं की जबडा आपल्या घरी जातो. मग मी पकडते.

आजी जबडा पुढे काढून माझ्याकडे बघत होत्या, पसंतीची वाट बघत. "असं नाही आजी," मी म्हणाले, "तुम्ही मला दाखवायला मिटताय." आणि मेण हातात धरून मी तशीच थांबले. गच्ची, नवे बूट, ताठ मान, चहाचे कप. राघवने क्लब अगदी बरोबर मापाचे केले होते. फक्त ते माप ज्या बाईचं होतं ती त्या दिवसापुरती आली होती आणि निघून गेली होती.

त्या संध्याकाळी मैदानावर अविनाशने सांगितलं की त्याचा नागपूरचा मावसभाऊ सहकुटुंब दहा दिवस राहायला येतोय. मला न विचारता हो म्हणून मोकळा झाला होता. मी चेंडू मारता मारता त्याला बोलत होते आणि त्याने, आत्मरक्षणासाठी म्हणा, मागून मोबाईल काढून सगळं टिपलं. रात्री मी तो व्हिडिओ बघितला. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी वाकलेली, कोपर बरगडीला चिकटवून, अर्धाच क्लब उचलून घाईघाईने चेंडूला टोला घालणारी एक बाई. फरशीवर झुरळ मारावं तसा टोला. पण प्रत्येक वेळी तसाच. एकदाही फरक नाही.

मी तो राघवला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"मैम, वीडियो मिला. ये कौन हैं?"

"मैं हूँ."

"अच्छा," तो म्हणाला. "मैम, आप नागपूर आ जाइए."

मावसभावाचं कुटुंब मटार संपवून परत निघालं तेव्हा आम्ही त्यांच्याच गाडीमागे आमची गाडी काढली. नाना बरोबर येतो म्हणाले, साक्षीदार हवा म्हणून. तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी आली तसे त्यांनी सवयीप्रमाणे नर्मदेला हात जोडले. मी विचारलं, "काय मागितलं?"

"जे मागितलं ते सांगत नसतात," नाना म्हणाले, आणि खिशातल्या रुमालावर हात ठेवला. पुढे ढाब्यावर आम्ही तंदुरी रोटी खाल्ली. नानांनी रोटी डाळीत बुडवून ठेवली आणि ती मऊ व्हायची वाट बघत रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले. आमचं जेवण संपलं तरी ती मऊ झाली नव्हती. "भूकच नव्हती," ते म्हणाले. क्लबांची बॅग डिकीत होती.

राघवला मी आधीच सांगून ठेवलं, "मुझसे बात करते रहिए. चुप रहे तो मैं फिर अच्छा खेलने लगूँगी." तो हुशार निघाला. त्याची एक अक्कलदाढ दुखत होती. तिच्याबद्दल त्याने असे काही चुकीचे घरगुती उपाय सांगायला सुरुवात केली, लवंग काय, तंबाखू काय, की मी चेंडूकडे न बघता त्याला झापत होते आणि मारत होते. डबा आकडे देत होता. या वेळी कोणी चकित झालं नाही. दांडे बदलून आखूड आणि लवचिक झाले, पात्याचा कल कमी झाला. निघताना तो म्हणाला, "मैम, अब ये आपके हैं. किसी और के काम के नहीं." मी त्याला अक्कलदाढेचा एक्स-रे काढायला सांगितलं.

होळी तोंडावर आली होती. मैदानाच्या कडेचा पळस तांबडा व्हायला लागला होता, मटार जून होऊन नुसता उसळीला चालेल असा येत होता. त्या सकाळी सातव्या होलपाशी नाना घडीची खुर्ची टाकून बसले, डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल. लल्लनभैया बराच वेळ घुटमळला. शेवटी जुन्या ओळखीला जागून पँट दुमडली आणि नाल्यात उतरला.

मी उभी राहिले आणि लगेच ताठ झाले. कळत होतं की ताठ झाले आहे. खांदा आपोआप वळायला लागला, मान उंच गेली. नाना बघत होते, त्यांचे आत गेलेले गाल टोपीतून दिसत होते, आणि मला त्यांना छान मारून दाखवायचं होतं. असं झालं की संपलंच. मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला हवा होता. काहीतरी घरचं.

"अविनाश," मी चेंडूवरून नजर न काढता विचारलं, "निघताना पाण्याची मोटर बंद केलीस ना?"

मागे अविनाशने घसा खाकरला.

"अविनाश?"

"मोटर..." तो म्हणाला, "मोटर तू लावली होतीस ना?"

"मी लावली होती, बंद तू करणार होतास! सांगून आंघोळीला गेले होते मी! तासाभरापासून टाकी वाहून राहिली असेल, खाली जोशांचे पापड वाळत घातलेत," आणि या वाक्यात कुठेतरी, 'पापड' आणि 'वाळत' यांच्या मधे, मी मारलं. वाकून, कोपर चिकटवून, झुरळाला मारावं तसं.

चेंडू उंच गेला नाही. बुटका, रागीट, सरळ गेला. लल्लनभैयाच्या डोक्यावरून गेला, नाल्याच्या पलीकडच्या दगडी काठाच्या वरच्या कडेला टणकन लागला, वर उडाला आणि पलीकडच्या गवतात जाऊन बसला. पांढरा, स्वच्छ, कोरडा.

नाल्यातून लल्लनभैयाचा आवाज आला. "मैडम, मारिए ना. हम जगह पे हैं."

"मार दिया भैया."

"तो गेंद कहाँ है?" तो पायाशी पाण्यात बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिथे चेंडू सापडत नव्हता.

मी नानांकडे वळले. नाना खुर्चीतून उठून उभे राहिले होते. माकडटोपी वर करून त्यांनी नाल्याचा काठ निरखला, जसा कारखान्यात नग निरखत असतील तसा. "दगडाला लागून गेला," ते म्हणाले. "शॉट मोजायचा नाही." 'श'ला शिटी वाजली.

"नाना! चेंडू कुठे आहे?"

"चेंडू पलीकडे आहे. पण नाल्याला लागून. दगड नाल्याचा आहे."

"दगड काठाचा आहे."

"काठ कोणाचा?"

अविनाश मोटर बंद करायला घरी पळाला होता, लल्लनभैयाने काही बघितलं नव्हतं. साक्षीदार म्हणून आणलेला एकमेव माणूस प्रतिवादी होता. आम्ही घरी येईपर्यंत भांडत आलो. जोशांचे पापड वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर नाना बाहेरच्या बाकावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, रुमाल खिशात.

"शॉट मी मानत नाही," ते म्हणाले. "आधी सांगून देतो. पण इकडून चाललोच होतो तर म्हटलं, बघून घे."

सिविल लाइंस आमच्या घराहून कुठेही जाताना वाटेत लागत नाही. मी दार उघडलं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मला कळलं. मी कपाटातून कालचं वर्तमानपत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून हात धुवायला गेले. भरपूर वेळ धुतले. मागे वर्तमानपत्र सळसळलं. वळले तेव्हा कवळी ट्रेमध्ये होती आणि नाना छताकडे बघत होते, लष्करी भरतीला आल्यासारखे.

पुढचं सगळं नेहमीचं. मापं, साचे, पुन्हा येणं. जबडा फारच झिजला होता, खालची बसेल की नाही याची मलाच खात्री नव्हती. मग तो दिवस आला, मेणाच्या पट्ट्यांचा. मी म्हटलं, "मिटा, नाना," आणि त्यांनी जबडा पुढे काढून, काटेकोर जुळवून, हजारातला एक नग असावा तसा मिटला आणि माझ्याकडे बघितलं.

"असं नाही."

पुन्हा तसंच. आणखी काटेकोर. टाळूला जीभ, गिळणं, काही चालेना. आयुष्यभर मापात बसण्याची सवय.

मी हातातलं काम थांबवलं. "बरं नाना, एक सांगा. तो दगड नाल्याचाच कसा काय होता?"

मेणाने भरलेल्या तोंडाने ते उसळले. हात हवेत गेला. "काठ बांधला कशाला? नाल्यासाठी! मग तो नाल्याचा नाही तर कोणाचा?" एवढं बोलून, आता ही काय उत्तर देते बघू, अशा थाटात त्यांनी गिळलं आणि तोंड घट्ट मिटलं.

जबडा मागे गेला होता. आपल्या घरी.

"हलू नका," मी म्हणाले.

यंदाचे पेरू लवकर आलेत. बॅग पुसून मी आत आले तर अविनाश मटार सोलतोय आणि नाना मीठ-तिखट लावलेली फोड कराकरा चावतायत. बी अडकते अशी तक्रार चालू आहे, बहुतेक मलाच उद्देशून. पँटचा पट्टा जुन्या भोकावर आहे.

"उद्या सातव्या होलला जाणार का?" त्यांनी विचारलं.

"जाणार."

"जा. पण त्या वेळचा शॉट मी मोजलेला नाही, लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवते. 'श' अगदी स्वच्छ आला होता. शेजारचा कुत्रा झोपूनच राहिला.